पंखा दुरुस्त, नळ तपासा

दिनूमामांकडे पंखा दुरुस्त करून माणूस गेला, की मामा आधी नळ सोडून बघायचे. मग रेडिओ लावायचे, दाराची कडी घालून बघायचे. पंखा सगळ्यात शेवटी. "पंखा तो बघूनच गेला. बाकीचं ठीक आहे ना?" हे माझ्या बायकोचे मामा. सरकारी नोकरीतून निवृत्त, मामी गेल्यापासून अंबरपेठेत एकटे.

उदारीकरणाच्या वाऱ्यात मी आबिड्सचं टायपिंगचं दुकान मोडून कंप्यूटरचे प्रोग्रॅम विकू लागलो, तेव्हा प्रोग्रॅम तपासायला मामांनाच बसवलं. घरच्या माणसाशी घासाघीस सोपी जाते, असा माझा समज.

पहिलं गिऱ्हाईक गौलीगुड्याचे टेलरमास्तर. लोकांची मापं मशीनमध्ये भरायची, शर्ट, शेरवानी असा कपडा निवडला की त्याची मापं कागदावर छापून यायची. पावसाळ्यात त्यांनी शर्टाच्या कॉलरचं माप वेगळ्या तऱ्हेने छापून मागितलं. तेवढा बदल केला. मामा म्हणाले, सगळेच कपडे पुन्हा तपासायला आठवडा द्या. मी भडकलो. शर्ट बदललाय, शर्टच बघा म्हणालो आणि त्यांना एका दुपारवर आणलं. त्या सौद्याचा आनंद मला दिवाळीपर्यंत पुरला.

शेरवान्या शिवतात लग्नसराईत. तेव्हा कळलं, शेरवानीला बाहीच्या जागी कॉलरचं माप छापून येतंय. नवरदेवाची बाही कोपरापाशीच संपली.

"कंप्यूटर बोला, मैं काट दिया साब," मास्तर शांतपणे म्हणाले. "अब दूल्हे को तुमीच समझाव."

नव्या बाह्या जोडून मास्तरांनी लग्न निभावलं, पण पुन्हा असं झालं तर मशीन रस्त्यावर ठेवीन म्हणाले. मी तडक मामांवर चाल करून गेलो. आठवडा हवाच होता तर घासाघीस नीट करायची होती! माझं आजही हेच म्हणणं आहे.

मामांचं वेगळंच. इथून पुढे काहीही बदललं की आधी नवरदेव उभा करायचा, म्हणजे शेरवानी छापून बघायची, मग बाकीचे सगळे कपडे. मी कुरकुरलो, रुमाल बदलला तरी?

मामांनी चष्मा काढला. "जावईबापू, तुमच्या मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी रोज गुडघाच बघत होतो. छान चालायला लागली. ताटातलं अन्न तसंच राहतंय, हे मला फार उशिरा दिसलं."

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. ते एकेका कपड्याचं नाव सांगत गेले, मी छापत गेलो.