चाळीसच्या वर उडायचं नाही

जानेवारीतल्या एका सकाळी दामोदरनं माझी बेल वाजवली आणि विचारलं, "ताई, तुमची काख रिकामी हाय का?"

माझं वय चौऱ्याहत्तर. मी हातातलं उलथणं घेऊनच दार पुरतं उघडलं. समोर हा बाप्या दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून उभा, बाजारात पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्यासारखा. स्वेटरच्या आत दोन्ही काखांत एकेक बॅटरी होती. तिसरी हातात.

"माझ्या दोन्ही भरल्यात," तो म्हणाला. "हिला दहाच मिनिटं घ्या. गार पडलीय बिचारी. वीसच्या वर आल्याशिवाय दम धरत नाय ती. वर गेल्यावर मधेच मान टाकते."

मी म्हटलं, दे इकडे, तव्याजवळ ठेवते. तर असा ओरडला की समोरच्या घराचं दार उघडलं. "आगीजवळ नाय! अंगाचीच ऊब पायजे!"

ठेवली शेवटी. दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते बरं. त्या दिवशी मी एका हातानं भाकऱ्या थापल्या आणि त्या भाकऱ्या कशा झाल्या ते विचारू नका.

हा दामोदर वांगणीला आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या बरोबर डोक्यावर राहतो. वय सहासष्ट. बायको वारली, मुलगी सासरी सुखात आहे. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं एकच काम केलं. एका मोठ्या टाकीसमोर बसायचं, टाकीवरच्या काट्याकडे बघायचं, आणि काटा लाल रेघेपाशी आला की हात वर करायचा. हात वर झाला की दुसरा कुणीतरी कुठलातरी नळ उघडायचा. तो नळ कुठे होता ते दामोदरला एकतीस वर्षांत माहीत झालं नाही. "आपला संबंध काट्याशी," तो सांगतो. "माणूस खोटा बोलंल, काटा नाय बोलणार."

असा माणूस रिटायर झाला की करणार काय? मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेला आणि ड्रोन घेऊन आला. भांडं तिथेच विसरला. मी विचारलं, अरे हे पाखरू कशाला? तर म्हणे दुकानदार सिंधी माणूस चांगला होता. त्यानं सामान बांधून देताना एकच गोष्ट सांगितली होती. "साईं, चालीस डिग्री के ऊपर नहीं उड़ाने का. बैटरी फूल जाएगी, फिर मेरे पास मत आना."

दुकानदार हे रोज दहा जणांना सांगत असेल आणि दहा जण विसरत असतील. दामोदरला मात्र पुन्हा एक लाल रेघ मिळाली.

त्यानं भिंतीवर थर्मामीटर टांगला. कोरोनाच्या वेळी गेटवर कपाळाला लावायचे तसली ताप मोजायची बंदूकही कुठून तरी मिळवली. आता ती बंदूक त्याच्या खिशात असते. बॅटरीवर धरतो, आणि बॅटरी नसेल तर जे समोर येईल त्याच्यावर. माझ्या चहावर धरून "बासष्ट, थांबा अजून" म्हणतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन पाण्याच्या टाकीवरून तावातावानं बोलत होते. दामोदर मागच्या खुर्चीवरून उठला, त्यांच्या कपाळावर बंदूक धरली आणि म्हणाला, "साडेसदतीस. बसा जरा खाली." चेअरमन बसले. टाकीचा विषय तिथेच राहिला, तो अजून तिथेच आहे.

उन्हाळ्यात तर या बॅटऱ्यांचे लाड बघवत नाहीत. घरातला सगळ्यात थंड कोपरा देवांचा, म्हणून देव सरकले आणि तिथे बॅटऱ्या बसल्या. मी म्हटलं, फ्रीज आहे ना तुझ्याकडे? त्यानं कानावर हात ठेवले. "फ्रीजमधून भायेर काढली की घाम फुटतो तिला. तो घाम आत मुरला की खेळ खलास." ड्रोन गच्चीवर ठेवला की उडेपर्यंत त्याच्यावर छत्री धरून उभा राहतो. स्वतःचं टक्कल उन्हात. उडून आलेली बॅटरी तासभर चार्जिंगला लावत नाही. "नांगर सोडलेल्या बैलाला लगेच गाडीला जुंपाल काय तुम्ही?" आणि चार्जिंगला लावली की शेजारी वाळूची बादली ठेवून खुर्ची टाकून बसतो, बॅटरी भरेपर्यंत. संडासला जायचं झालं तर मला हाक मारतो. मी जाते आणि त्याच्या खुर्चीवर बसते. काय करणार, शेजार आहे.

एकदा गावातले एक शेठ आले. मुलाच्या वरातीचं शूटिंग वरून पाहिजे होतं, भर दुपारी, एप्रिल महिन्यात. दामोदरनं थर्मामीटर बघितला. "एक्केचाळीस. नाय उडणार."

"अरे काका, पाच मिनिटांचं काम."

"नवरदेवाला सहा वाजता घोड्यावर बसवा. घोडापण आशीर्वाद देईल."

शेठ रागानं जिना उतरले. दामोदर वरून ओरडला, "संध्याकाळी चौतीस असंल! फुकट उडवतो!" कुणी ऐकलं नाही.

एवढं सगळं चालून गेलं असतं. पण हा ड्रोन रोज सकाळी सातला उडायचा, शेतांवरून पलीकडच्या पाड्याकडे जायचा, तिथे थांबायचा आणि परत यायचा. रोज. पाड्यात बोलणं सुरू झालं की कुणी बिल्डर वरून जमिनी मोजतोय. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचं म्हणणं वेगळं होतं. म्हातारा पाड्यातल्या बायका नदीवर जातात ते बघतो. सगळ्यांनी मिळून ठरवलं की त्याला विचारायचं, आणि विचारायला मला पाठवलं. माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सातला मी गच्चीवर गेले आणि सरळ म्हटलं, "दामोदर, तू बायका बघतोस का?"

तो गोंधळला. मग त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर शेतं सरकत होती, बांध, ओढा, मग कौलं. ड्रोन एका अंगणावर थांबला. अंगणात खाटेवर एक म्हातारा बसला होता. एवढंच. म्हाताऱ्यानं वर बघितलं नाही. वालाच्या शेंगा सोलत होता.

"कोण हा?"

"बाळाराम."

"तुझा भाऊ? ज्याच्याशी तू बोलत नाहीस तो?"

"ही बॅटरीची टेस्ट हाय," दामोदर म्हणाला. "जाऊन यायला बरोबर चौदा मिनिटं लागतात. अंतर मोजलेलं बरं असतं."

मी हसले. त्यांचं भांडण मला माहीत होतं, अख्ख्या वांगणीला माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी बाळारामच्या मुलीचं लग्न झालं. लग्नपत्रिकेत दामोदरचं नाव आठवं छापलं. सख्खा काका आठवा, आणि त्याच्या वर सातवा कोण, तर सरपंचाचा मेव्हणा. दामोदर हळदीलाही गेला नाही. पुढच्या महिन्यात पाड्यातलं घर सोडून तो बिल्डिंगमध्ये राहायला आला. जमिनीवरून भांडले असते तर कोर्टात कधीतरी निकाल लागला असता. पत्रिकेवर कोण निकाल देणार?

"पायी वीस मिनिटं लागतात," मी म्हटलं. "चालत जा की."

"त्यानं बोलवलं का?"

"मग हे काय करतोस?"

"सांगितलं ना, टेस्ट."

खाली जाऊन मी बायकांना सांगितलं की माणूस निर्मळ आहे, फक्त मूर्ख आहे. त्यांना थोडं वाईट वाटलं.

मग मे महिन्यात एक दिवस सातला अंगण रिकामं होतं. मला कसं कळलं? आठला डोक्यावर पुन्हा पंख्यांचा आवाज आला. दामोदर दिवसातून दोनदा कधीच उडवत नाही. नऊला तो माझ्या दारात आला. म्हणाला, "खाट भिंतीला उभी लावलीय."

"मग? झाडायला लावली असेल."

"त्याची खाट कोण झाडत नाय. तोच झाडतो."

"फोन कर."

"नंबर नाय."

"नंबर मी आणून देते पाड्यातून कुणाचा तरी."

"नको," तो म्हणाला आणि वर गेला.

साडेअकराला परत आला. हातात ड्रोन, खिशात शेवटची बॅटरी. माझ्या गॅलरीत सावली असते, तिथून उडवतो म्हणाला. मी त्याच्या घरी जाऊन भिंतीवरचा थर्मामीटर बघून आले होते. सावलीत बेचाळीस.

"चाळीसचं काय झालं रे?"

त्यानं छत्री उघडली नाही. बंदूकही काढली नाही. माझ्या कुंड्यांच्या मधून ड्रोन वर गेला आणि उन्हात दिसेनासा झाला.

मी त्याच्या शेजारी उभी राहून पडदा बघत होते. शेतं पांढरी पडली होती. अर्ध्या वाटेवरच मोबाईल ओरडायला लागला. एका कोपऱ्यात लाल आकडे आले. मला तेवढं कळलं, लाल म्हणजे परत आण. दामोदरला तर माझ्यापेक्षा जास्त कळलं. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला, कारखान्यात जायचा तसा. पण नळ उघडणारं कुणी नव्हतं. त्यानं हात खाली घेतला आणि ड्रोन पुढे नेला.

अंगण आलं. खाट भिंतीला उभीच. दामोदर ड्रोन खाली, आणखी खाली नेत होता. त्याला पडवीच्या आत बघायचं होतं. मोबाईलचा ओरडा थांबेना. मग ड्रोननं त्याचं ऐकणं सोडलं आणि आपला आपण खाली बसायला लागला. पडद्यावर जमीन आली, कोंबडीचे पाय आले आणि सगळं काळं झालं.

दामोदर मोबाईलकडे बघत उभा राहिला.

"आता तरी जा," मी म्हटलं.

"पाय उचलत नाय, ताई."

मी खाली जाऊन रिक्षा थांबवली. रस्त्यानं वळसा घालून पंधरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तो एकदाच बोलला. "आठवं तर आठवं," म्हणाला. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, तू रस्त्याकडे बघ.

बाळारामच्या दारात त्याची सून सुगंधा उभी होती. मी विचारलं, "कसा आहे?"

"कोण, बाबा? पाय मोडलाय," ती म्हणाली. "काल न्हाणीत घसरले. प्लास्टर घातलंय. डॉक्टर बोलले, उठायचं नाय. पण सकाळपासनं जीव खाल्लाय माझा. सातला तो आवाज आला, बोलले मना अंगणात ने. आठला आला, परत तेच. रोज सातच्या आधी अंघोळ करून धुतलेला शर्ट घालून बसतात त्या खाटेवर. आणि वर तर कवाच बघत नाय. मी बोलले, आज राहू द्या. मगाशी दुपारचा आवाज आला, तर भिंत धरून आपले आपण उठले. एवढ्या उन्हात का पाठवला म्हणून. मग तो अंगणात खाली बसला, तर मलाच उचलून आत आणाया लावला."

पडवीत बाळाराम जमिनीवर बसला होता. प्लास्टरचा पाय लांब केलेला, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. समोर ड्रोन होता आणि तो त्याला सुपानं वारा घालत होता. दामोदर चपला काढून आत आला आणि खांबापाशी थांबला. बाळारामनं मान वर केली नाही.

"ताई, त्याला सांगा, याचं पोट फुगलंय," तो मला म्हणाला.

दामोदर वाकला. बॅटरी पुरीसारखी टम्म झाली होती. तो लगेच कारखान्यातला माणूस झाला. सुगंधाला म्हणाला, सांडशी आण, घमेल्यात माती आण, आणि तुम्ही सगळे मागं सरा. बाळाराम काही मागे सरला नाही. दामोदरनं बॅटरी अलगद काढली, मातीत ठेवली, घमेलं दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि मोकळ्या शेताकडे निघाला. घाईत तसाच, अनवाणी. अंगण तापून तवा झालं होतं. तिसऱ्या पावलाला तो नाचायला लागला, पण घमेलं हलू देईना.

"दाम्या!" मागून बाळाराम ओरडला. "पायात घाल काय तरी, गाढवा!"

दामोदर जागच्या जागी थांबला. तसाच मागे मागे येत पायरीपाशी आला. घमेल्यामुळे त्याला खालचं दिसत नव्हतं. पायानंच चाचपून जी चप्पल लागली ती त्यानं घातली. ती बाळारामची होती, दोन बोटं मोठी. फटाक फटाक वाजवत तो शेतात गेला, घमेलं मधोमध ठेवलं आणि बांधावर उभा राहून डोळे पुसत राहिला. धूर लागला म्हणाला नंतर. बॅटरीतून धूर आलाच नव्हता.

सुगंधानं खाट आडवी केली आणि सासऱ्याला वर बसवलं. बाळारामनं प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून एका कडेला घेतला, म्हणजे आणखी एक माणूस बसेल एवढी जागा झाली.

मी बाहेर येऊन रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, "आजी, काकांना थांबायचं ना?"

मी म्हटलं, "चल तू. ते जेवून येतील."