सात दारांआड अडकलेल्या राजाची हकीकत

श्री वाग्देवी प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध तृतीया. लेकरांनी पुसिले की संगणकातील मेथडने, म्हणजे नाव दिलेल्या आज्ञालेखाने, स्वतःसच पुन्हा बोलावणे तर नाव घेऊन का बोलावू नये, म्हणोन लिहिले ऐसे जे.

संगणकाचे उदरी एक राज्य होते. तेथील चाकरांस मेथड म्हणत. कागदी लिहिले तेवढे करावे, न लिहिले तर ढिम्म उभे राहावे, ऐसी त्यांची थोर बुद्धी. महाराज सात दारांचे आत निजत आणि ती दारे द्वारोजी नामे चाकराचेच हातून उघडत. त्याचे कागदी लिहिले होते, 'एक दार उघडावे, आणिक दार उरल्यास द्वारोजीस बोलवावे.' ऐसे स्वतःच स्वतःस बोलावून तो सातही दारे उघडी. मग एके दिवशी महाराजांस नाव हलके वाटले आणि त्यांनी मोठ्या विचारांती त्याचे नाव 'सकलद्वारोद्घाटकभूषण' ठेविले. कागदाचे माथ्याचे नाव बदलिले, पोटातले कोणी वाचिले नाही, कारण वाचणे हे दरबारी काम नव्हे. दुसरे दिवशी भूषणाने पहिले दार उघडिले आणि हाक मारिली, "द्वारोजी हो!" कोणी ओ देईना. मग उभाच राहिला.

आतून महाराज गर्जले, "अरे गाढवा, द्वारोजी तूच ना?"

"तो काल होता, महाराज. आज हुजुरांनी आम्हांस मोठे केले."

"मग शिऱ्याची वाटी तरी आत सरकव!"

"तैसे लिहिले नाही, महाराज."

मग सरदारांनी द्वारोजीचे शोधार्थ चहूंकडे स्वार धाडिले आणि दोन प्रहर झाले आणि महाराजांचा आवाज बसला. तेव्हा वृद्ध चिटणीस विसाजीपंत उठले आणि त्यांनी कागदाचे पोटातले नाव खोडून लिहिले, 'दार उरल्यास, जो हा कागद वाचीत आहे त्यानेच आरंभापासून पुनः करावे. न उरल्यास थांबावे.' तत्क्षणी साही दारे उघडली. महाराज बाहेर आले, शिरा भक्षिला आणि हात धुण्यापूर्वीच चाकराचे नाव 'कपाटकेसरी' ठेविले. दरबारास धास्ती पडली की आता पुन्हा दारे अडणार. पंत म्हणाले, "रोज नवे ठेवा, महाराज. कागदास आता नावाची गरज नाही."

दुसरे दिवशी दारे बिनबोभाट उघडली आणि सर्वांनी नव्या नावाचा पायगुण वाखाणिला. पंतांसही 'नामभास्कर' ऐसा किताब जाहला. परंतु पंगतीचे यादीत जुनेच नाव राहिले, सबब त्या दिवशी त्यांचे पान मांडिले नाही.

तात्पर्य, थोरांस नावे ठेवण्याची हौस असते, ती सुटत नाही. शहाण्याने आपल्या कागदी नावाऐवजी 'हाच' लिहावे आणि पंगतीस वेळेआधी जाऊन बसावे. इति.