पेवात न पडलेला जावई

यंदाच्या मे महिन्यात महाबळेश्वरच्या मैदानावर आपण शंभराच्या आत येणार, असं नाथाजी मोहित्यांनी सांगलीच्या हळद बाजारात चारचौघांत जाहीर करून टाकलं होतं. कशाच्या शंभराच्या आत, हे बाजारात कुणालाच कळलं नाही. शेवटी नाथाजींनीच समजावून सांगितलं की गोल्फ नावाचा खेळ असतो, त्यात काठीनं चेंडू मारत मारत जमिनीतल्या खळग्यात घालायचा असतो, आणि सगळे खळगे संपेपर्यंत ज्यानं कमी टोले मारले तो जिंकला. मागच्या वर्षी नाथाजींना एकशे छत्तीस टोले लागले होते. मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशीणबाईंनी त्यांना सहज हरवलं होतं आणि वर लिंबाचं सरबत पाजून त्यांचं सांत्वन केलं होतं. ते सरबत नाथाजींना अजून पचलं नव्हतं.

त्यांचे सासरे धोंडिराम यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ज्या खेळात जास्त टोले मारणारा हरतो, तो खेळ आपल्या मुलखाचा न्हाई."

नाथाजींना या नादाला लावलं ते कॅप्टन मानसिंग यांनी. कॅप्टन मूळचे विट्याकडचे, फौजेत पंचवीस वर्षं काढून सांगलीत स्थायिक झालेले. पेन्शनीबरोबर त्यांनी आणल्या होत्या गोल्फच्या अर्ध्या संचातल्या काठ्या आणि थोडे विलायती चेंडू. परदेशी माल येणं बंद झालेलं, त्यामुळे चेंडू हरवला तर नवा मिळायची आशा नव्हती. एक चेंडू गवतात गेला की कॅप्टनसाहेबांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे.

अडचण होती ती सरावाच्या जागेची. शाळेच्या मैदानावरून हेडमास्तरांनी हाकललं. नदीकाठी सगळीकडे ऊस. मोकळी, सपाट, गवताची जागा एकच होती, हरिपूरचा माळ. आणि त्या माळाच्या पोटात होती हळदीची पेवं.

पेव म्हणजे जमिनीखाली खणलेली कोठी. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत खोल जावं तसा पोटाचा घेर वाढत गेलेला, जमिनीत पुरलेल्या रांजणासारखा. हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं, की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पण बंद पेवात हवा कोंडते आणि विषारी होते. तोंड उघडून बराच वेळ गेल्याशिवाय, कंदील सोडून पाहिल्याशिवाय आत कुणी उतरत नाही. नाथाजींच्या लग्नाच्या आदल्या वर्षी दोन हमाल घाईनं उतरले होते. पहिला वर आला नाही म्हणून दुसरा बघायला गेला, तोही आला नाही. धोंडिराममामांनी ही हकीकत नव्या जावयाला पहिल्याच पंगतीत, जेवण चालू असताना सांगितली होती. तेव्हापासून नाथाजी त्या माळावरून चालताना टाचा टेकवत नसत. मुळात ते भित्रेच. अंगणात नारळ फोडायचा झाला तरी डोळे मिटून घेणारा माणूस.

त्यातली बरीच पेवं मामांची होती. हिवाळ्यात त्यांनी जावयाला आणि कॅप्टनना माळावर काठ्या फिरवताना पकडलं तेव्हा, पेवाच्या डोक्यावर घाव घालता म्हणून ते भयंकर संतापले होते. पुन्हा काठी घेऊन इथं दिसलात तर माझ्या पोरीला, अंजनाला, माहेरी घेऊन येईन आणि परत धाडणार न्हाई, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. मामा बोलले ते करणारे होते.

म्हणून दोघं खेळाडू मामा गावाला गेले की माळावर यायचे. त्या एप्रिलच्या दिवशी मामा लग्नाला कोल्हापूरला जाणार होते. नाथाजींनी अंजनाला सांगितलं, हरिपूरच्या संगमेश्वराच्या दर्शनाला जाऊन येतो. काठी धोतराच्या सोग्याआड धरून ते सकाळीच माळावर पोचले. कॅप्टन मागून सायकलीवर येणार होते. चेंडू मात्र त्यांनी आदल्या दिवशीच दिला होता, शेवटचा कोरा. देताना म्हणाले होते, "नाथाजीराव, पोरीसारखा जपा."

नाथाजींचा चेंडू एरवी डावीकडे बाभळीत जायचा नाहीतर पायाशीच घुटमळायचा. त्या दिवशीही तसंच झालं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण त्या दिवशी टोला बसला. असा बसला की आवाजच वेगळा आला, आणि चेंडू उंच, सरळ, लांब गेला. नाथाजी तोंड उघडं टाकून बघत राहिले. चेंडू पडला, दोन उड्या मारल्या, घरंगळत निघाला आणि कुणी हाक मारल्यासारखा एका खळग्यात उतरला. एका टोल्यात! जन्मात पहिल्यांदाच एका टोल्यात चेंडू आत गेला होता, आणि तो गेला होता मामांच्या पेवात.

त्या पेवाचं तोंड राखणदार हरिबानं आदल्या संध्याकाळी उघडून ठेवलं होतं. दुपारी तळातला उरलेला माल काढायचा होता. नाथाजी कडेला गेले. कोट काढला, बूट काढले, सदरा मळू नये म्हणून तोही काढला, आणि बनियनवर पालथे पडून त्यांनी आत डोकं घातलं. आतून उबदार, कुबट वाफ तोंडावर आली, कुणीतरी झोपेत श्वास सोडावा तशी. खाली काही दिसेना. त्यांना ते दोन हमाल आठवले. अंगावर काटा आला आणि डोकं झटक्यात बाहेर काढताना टोपी निसटली. ती पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला, की आलाच नाही, हे त्यांना ठरवता येईना.

आता कॅप्टनना काय सांगायचं? माळाच्या कडेला मामांची पत्र्याची वखार होती. तिथं दोरी आणि आकडा मिळाला तर काही तरी करता येईल, अशा विचारानं ते तसेच अनवाणी तिकडे पळाले. दोरी शोधतात तोवर बाहेरून हरिबाची किंकाळी ऐकू आली.

पत्र्याच्या फटीतून नाथाजींनी पाहिलं. पेवाच्या तोंडाशी त्यांचा कोट, बूट, सदरा आणि काठी. त्यांच्याभोवती हरिबा नाचल्यासारखा करत होता आणि ओरडत होता, "जावई पेवात पडलं! जावई पेवात पडलं!" नाथाजी बाहेर जाणारच होते. पाऊल उचललंही होतं. तेवढ्यात गावाकडून धोतराचा सोगा धरून पळत येणारे मामा दिसले. मामांची कोल्हापूरची मोटार चुकली होती.

नाथाजी मागे सरले. मामांची नजर त्या काठीवर गेली होती. नाथाजींनी ठरवलं की जरा राग ओसरू द्यावा. ते पोत्यांच्या थप्पीमागे लपले, तर वरचं पोतं कलंडलं. त्यात हळद पॉलिश करताना उडालेली पूड भरलेली होती. ती सगळी त्यांच्या डोक्यावरून अंगावर आली. शिंक आली ती त्यांनी दोन्ही हातांनी दाबली.

बाहेर गाव जमलं. आत्ता बाहेर पडलो तर शिव्या बसतील, असा नाथाजींचा हिशेब होता. थोडा वेळ गेला, तेव्हा लक्षात आलं की आता मार बसेल. आणखी वेळ गेला, आणि मग बाहेर पडायला तोंडच राहिलं नाही.

हरिबानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. सगळे वाकून बघू लागले. कुणीतरी म्हणालं, टोपी दिसली, काळी टोपी. आणि त्याच क्षणी कंदील विझला. पेवात आपण नाही हे वखारीतल्या नाथाजींना ठाऊक होतं, तरी क्षणभर त्यांना खात्री वाटेना.

मामा मटकन खाली बसले. म्हणाले, सोन्यासारखा माणूस होता, मीच त्याला त्या काठीवरून टाकून बोललो. सांगलीच्या बाजारात तसला सरळ अडत्या न्हाई. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण मामांच्या तोंडून नाथाजींनी स्वतःबद्दल चांगला शब्द पहिल्यांदाच ऐकला. आणखी थोडं ऐकावं असं त्यांना वाटलं, आणि तिथंच ते फसले. मामांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि साऱ्या गावादेखत बोलले, "संगमेश्वरा, माझा जावई जित्ता बाहेर येऊ दे. सांगलीच्या गणपतीपासनं तुझ्या पायरीपत्तोर लोटांगण घालत येईल."

"कोण?" असं नाथाजींच्या ओठांवर आलं होतं. ते आणखी खाली बसले.

एवढ्यात निरोप मिळून टांग्यातून अंजना आली. ती रडली नाही, ओरडली नाही. नवऱ्याचा सदरा उचलून तिनं पोटाशी धरला आणि डोळे मिटून उभी राहिली. फक्त ओठ हलत होते. ते बघून नाथाजी दाराकडे वळले. तरी पाय उचलेनात. मामा, हरिबा, गाव, शिव्या, लोटांगण, सगळं डोळ्यांपुढे फिरत होतं.

मग कॅप्टन मानसिंग आले. सायकल आडवी टाकली, काय झालं ते ऐकलं आणि दोरी मागितली. हरिबा म्हणाला की कंदील विझलाय, साहेब, आत जाणं म्हणजे मरण हाय.

कॅप्टन म्हणाले, "कंदील लगेच विझतो. माणूस विझायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मी त्यांना बांधतो, तुम्ही ओढा."

त्यांनी रुमाल भिजवून नाकातोंडाला बांधला आणि दोरी कमरेला गुंडाळली. गाठ एकदा चुकली, पुन्हा मारली. लढाईला जाऊन आलेल्या माणसाची गाठ चुकताना नाथाजींनी कधी पाहिली नव्हती. चार गड्यांनी दोरी धरली आणि कॅप्टननी पेवात पाय सोडले.

तेव्हा मात्र नाथाजी उठले. ओरडायला गेले तर घशात हळद बसलेली, आवाज फुटेना. ते तसेच वखारीतून सुटले. डोक्यापासून पायापर्यंत पिवळेजर्द, अनवाणी, बनियनवर, हात पसरलेले, तोंडातून नुसतं घरघर. आणि इतका वेळ दाबून धरलेली शिंक नेमकी तिथं आली. पिवळ्या धुराचा लोट उठला.

हरिबानं पहिल्यांदा पाहिलं. "आवं, भूत झालं की त्येंचं!" म्हणून तो पळाला. त्याच्यामागे गाव पळालं. आणि दोरी धरलेले चारही गडी दोरी टाकून पळाले.

दोरी सापासारखी सळसळत पेवाकडे निघाली.

भिण्याइतका वेळच नव्हता. नाथाजींनी दोरीवर अंग टाकलं. हातांची सालं निघाली, कोपरं खरवडली, ते पालथे पडून पेवाकडे ओढले जाऊ लागले. तोंड हातभर अंतरावर आलं. ती उबदार वाफ पुन्हा चेहऱ्यावर आली. इतक्यात मागून कुणीतरी त्यांचे पाय घट्ट धरले. अख्ख्या गावात न पळालेली अंजना एकटीच होती. तिनं पाय रोवले आणि हाक मारली, "आबा, इकडं या. भूत न्हाई, ह्येच हायत!"

मामा परत फिरले. तिघांनी मिळून ओढलं, मग गडीही लाजत परत आले. कॅप्टन वर आले तेव्हा त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता आणि मान लुळी झाली होती. अंजनानं तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ काही झालं नाही. नाथाजी त्यांचा हात हातात धरून चोळत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पिवळं पाणी गळत होतं. मग कॅप्टन खोकले. सगळा माळ सुटल्यासारखा बोलू लागला.

कॅप्टननी डोळे उघडले आणि समोरच्या पिवळ्या माणसाकडे नीट पाहिलं.

"नाथाजीराव, तुम्ही आत होता ना?"

"नव्हतो."

कॅप्टननी त्यावर पुष्कळ विचार केला. "मग मी कशाला उतरलो?" त्यांनी विचारलं.

मामांनी जावयाला पोटाशी धरलं, स्वतःही पिवळे झाले, आणि मग एका दमात इतक्या शिव्या दिल्या की जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून मागे सरल्या. अंजनाला माहेरी नेण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मात्र नवसाचा काढला. नाथाजींनी हात जोडून विनवलं, "मामा, मी आत गेलोच नव्हतो. मग बाहेर आलो कुठला? नवस लागूच होत नाही."

"जित्ता हायसा न्हवं?" मामा म्हणाले.

पुढच्या सोमवारी भल्या पहाटे सांगलीच्या गणपतीपुढून लोटांगण निघालं. हळद अंगावरून अजून पुरती उतरली नव्हती, त्यामुळे रस्त्यानं बघणाऱ्या बायांना वाटलं की कुणा नवरदेवाचंच काहीतरी बिनसलंय. मामा पुढे वाट मोकळी करत होते. कॅप्टन सायकल हातात धरून बाजूनं चालत होते आणि खडे दिसले की सांगत होते. हरिपूरच्या वाटेवर चिंचेच्या सावलीत नाथाजी पाणी प्यायला उठून बसले. कोपरं पुन्हा सोलली होती, डोकं गरगरत होतं. कॅप्टननी तांब्या हातात दिला आणि बरोबर चालत आलेल्या अंजनानं पदरानं नवऱ्याचं कपाळ पुसलं.

त्यांना भरून आलं. पेवाच्या काठी ती डोळे मिटून उभी होती ते आठवलं. त्यांनी हळूच विचारलं, "तू पण त्या दिवशी काही बोलली होतीस का गं देवाला?"

"व्हय तर," ती म्हणाली. "वर्षभर सोमवारचा उपास. निर्जळी."

एवढा उन्हाळा, एवढी कामं, हिला झेपायचं नाही, असं नाथाजींच्या मनात आलं. "अगं, माझ्यासाठी तू कशाला एवढा उपास धरायचा?"

अंजनानं त्यांच्या हातातला तांब्या हलकेच काढून घेतला.

"माझा न्हवं," ती म्हणाली. "तुमचा."