एका खड्ड्याचे दोन खड्डे

दुकानासमोरच्या गटाराचं झाकण मोडलं, तेव्हा शिंप्याने जबाबदार नागरिकाप्रमाणे नगरपालिकेत तक्रार करायचं ठरवलं. पालिका द्विभाषिक आहे, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात नव्हतं.

पालिकेचा सगळा कारभार दोन भाषांत चाले. त्यांना 'पहिली' आणि 'दुसरी' म्हणायला मनाई होती, कारण पहिली कोणती यावरून सभागृहात एकदा खुर्च्या उडाल्या होत्या. तेव्हापासून अर्जाच्या खिडक्यांवरून नावं पडली : उजवी भाषा आणि डावी भाषा. डावीवाल्यांना तेही फारसं रुचलं नव्हतं.

शिंप्याने उजव्या खिडकीत अर्ज दिला. कारकुनाने तो दोनदा वाचला.

"अर्ज उत्तम आहे. आता हाच डाव्या भाषेत आणा."

"पण तुम्हाला समजला ना?"

"मला समजून काय उपयोग? पालिकेला समजायला हवा."

शिंप्याची बायको डाव्या भाषेची. वीस वर्षं दोघं दोन्ही भाषांत भांडत आली होती, त्यामुळे भाषांतर घरातच झालं. फक्त शिंप्याने 'झाकण मोडले आहे' असं लिहिलं होतं आणि बायकोने, फापटपसारा नको म्हणून, 'झाकण नाही' असं लिहिलं.

ताळमेळ विभागाने दोन्ही अर्ज शेजारी ठेवून शेरा मारला : मोडक्या झाकणाचा खड्डा एक, बिनझाकणाचा एक, एकूण दोन.

आठवड्याने मुकादम दोन फायली घेऊन आला.

"दुसरा खड्डा कुठाय?"

"एकच आहे, साहेब."

"कागदावर दोन आहेत."

"मग कागद दुरुस्त करा."

मुकादमाला त्याची कीव आली. "कागदाला दोन्ही भाषांतला ठराव लागतो. खड्ड्याला नुसती कुदळ लागते."

दुपारपर्यंत दुसरा खड्डा तयार झाला. मग 'धोका' अशी पाटी लावायची, तर कोणती भाषा वर, हा प्रश्न आला. तो सुज्ञपणे सुटला : जुन्या खड्ड्यावर उजव्या भाषेची पाटी, नव्यावर डाव्या भाषेची.

पुढच्याच दिवशी शिंप्याच्या सासूबाई लेकीला भेटायला आल्या. त्यांना वाचता येई ते डाव्या भाषेतच. डावी पाटी वाचून त्या जपून बाजूला सरल्या आणि थेट उजव्या खड्ड्यात गेल्या. पाय मोडला. पालिकेने कळवलं, "सदर महिला स्वतःच्या भाषेचा खड्डा उपलब्ध असताना अन्य भाषेच्या खड्ड्यात पडल्याने पालिका जबाबदार नाही."

शिंप्याची बायको संतापली. "अहो, आता गल्ली गोळा करा. दोन्ही खड्डे बुजवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

गल्ली जमली. बुजवण्याच्या अर्जावर सह्या सुरू होणार, तेवढ्यात समोरचे न्हावीकाका, डाव्या भाषेचे, हळूच म्हणाले, "आजी उजव्या खड्ड्यात पडल्या म्हणून पाय मोडला. आमच्यात पडल्या असत्या तर खरचटलंही नसतं. इतका उथळ खणलाय आमचा."

शिंप्याने गळ्यातली टेप काढून दोन्ही खड्डे मोजले. डावा तब्बल पंधरा इंचांनी कमी भरला. आकडा सांगताना त्याने चेहरा गंभीर ठेवला, पण आतून त्याला बरं वाटलं. वीस वर्षांच्या संसारात बायकोपासून काय लपणार?

"द्या तो कागद," ती म्हणाली. तिने बुजवण्याचा मजकूर खोडला आणि डावा खड्डा उजव्याइतका खोल करावा, अशा मागणीखाली पहिली सही केली.

"अगं, आईंचा पाय..."

"आईचा पाय जुळेल. हा अन्याय कोण भरून देणार?"

संध्याकाळपर्यंत डाव्या भाषेची झाडून सगळी घरं सह्या करून मोकळी झाली. उजवीवाल्यांनी, आमचा खड्डा मूळचा आहे, हा फरक राहिलाच पाहिजे, असा उलट अर्ज केला. त्यावर उजवीवाल्यांचा अध्यक्ष म्हणून शिंप्याची सही आहे. झाकणाचा उल्लेख दोन्ही अर्जांत नाही, आणि ताळमेळ विभागाला पहिल्यांदाच दोन भाषांत तफावत आढळली नाही.

माणसं वेडीच, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण पंधरा इंचांचा फरक वाचलात, तेव्हा तुम्ही कोणत्या खड्ड्याच्या बाजूने होतात?