रीडिंगमधली गाईजात्रा

इंग्लंडात रीडिंग गावच्या आमच्या ऑफिसातले पुष्करमान श्रेष्ठ वर्षभराची रजा कधी स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर घालवत नसत, की घराला रंग देण्यात. ती ते एकेक दिवस करून नेपाळ सरकारच्या सुट्ट्यांवर खर्च करत. काठमांडूतल्या कचेऱ्या बंद म्हणजे रीडिंगमध्ये श्रेष्ठ बंद, असा हिशेब. नेपाळात सण आणि राष्ट्रीय दिवस इतके की त्यांची रजा दिवाळीपर्यंत जेमतेम पुरायची, आणि प्रत्यक्ष नेपाळला जायला एकही दिवस उरायचा नाही.

रजेच्या अर्जात कारण लिहायची सक्ती नव्हती. दुसऱ्याला रजेचं कारण विचारणं इंग्रज माणसाला पगार विचारण्याइतकंच असभ्य वाटतं. श्रेष्ठ मात्र आवर्जून कारण लिहायचे: घोडेजात्रा, शहीद दिवस, प्रजातंत्र दिवस. आमचा मॅनेजर ग्रॅहम भला माणूस. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मेघना, हा हॉर्स फेस्टिव्हल म्हणजे आपल्या ॲस्कॉटच्या शर्यतींसारखाच ना?" मी नागपूरची. घोडेजात्रेची मला त्याच्याइतकीच माहिती. "मोअर ऑर लेस," मी ठोकून दिलं.

श्रेष्ठांना हे कळलं तेव्हा ते दुखावले. "रेसिंग नहीं, बहिनी," ते म्हणाले. बहिनी म्हणजे धाकटी बहीण. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, मी सांगताना त्यात मराठी मिसळतेय. "मैदान के नीचे राक्षस है. हर साल घोडा दौड़ाके उसको दबाना पड़ता है. अर्थ छ."

'अर्थ छ' हे त्यांचं पालुपद. छ म्हणजे आहे. जगात जे जे नेपाळी ते ते अर्थपूर्ण, आणि तो अर्थ समोरच्याला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. कॅन्टीनमध्ये ते माझ्यासमोर ट्रे घेऊन बसले की मी ओळखायची, आज काहीतरी आहे किंवा उद्या तरी आहे.

आम्ही रीडिंगची मराठी मंडळी सण सोयीनं करतो. चतुर्थी मंगळवारी आली तर शनिवारी शाळेचा हॉल घेतो, आणि बाप्पाही समजून घेतो. एका सोमवारी मी श्रेष्ठांना डब्यातून मोदक दिले. त्यांनी आधी तिथी विचारली.

"चतुर्थी तो मंगल को थी."

"हाँ, पर वीकेंड को सब को जमता है."

"चाँद को बताया?"

मग मोदक खाल्ले. दोन खाल्ले. पण चेहरा पंचांग बुडाल्याचा.

तिहारात, म्हणजे त्यांच्या दिवाळीत, एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्या दिवशी श्रेष्ठ रजा घेऊन ऑफिसला आले. म्हणजे आत नाही आले, गेटपाशी आले. तिथल्या सिक्युरिटीच्या अल्सेशियनला त्यांनी झेंडूची माळ घातली, कपाळाला टिळा लावला आणि सॉसेज दिलं. एरवी पोस्टमनवर धावून जाणारं ते जनावर नवरदेवासारखं गप्प उभं राहिलं. गार्डनं भीत भीत विचारलं की पुढच्या वर्षीही याल का. "यमाच्या दारावर कुत्राच बसलेला असतो," श्रेष्ठांनी मला नंतर समजावलं, "उससे पहचान रखनी चाहिए."

खरी पंचाईत झाली ती नेपाळात राजाचे दिवस फिरले तेव्हा. राजाच्या वाढदिवसाची रजा श्रेष्ठांनी आधीच मंजूर करून घेतली होती, आणि तिकडे ती सुट्टीच रद्द झाली. आता रजा घ्यावी तर लोकशाहीचा अपमान, न घ्यावी तर जन्मभराची सवय मोडते. शेवटी ते दुपारी जेवणानंतर कामाला आले. "आधा राजा को, आधा जनता को," ते गंभीरपणे म्हणाले. असा हा माणूस.

दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये नेपाळी नववर्षाच्या दिवशी मी सहज त्यांच्या टेबलाकडे पाहिलं, तर श्रेष्ठ जागेवर. पांढरा शर्ट घालून काम करत होते. मला वाटलं, चुकून आले असतील. पुढे बुद्धजयंतीलाही जागेवर. पांढरा शर्ट रोजचा झाला. ऑफिसात थट्टा सुरू झाली की नेपाळनं सुट्ट्या बंद केल्या वाटतं. ग्रॅहमनं तर त्यांना बजावलं, रजा साठतेय, घेतली नाही तर बुडेल.

एक दिवस मीच ट्रे घेऊन त्यांच्यासमोर बसले. "श्रेष्ठजी, आजकल कोई अर्थ नहीं बताते?"

त्यांनी काटा खाली ठेवला. "आमा गई, बहिनी. नया साल के थोड़ा पहले."

आमा म्हणजे आई. काठमांडूजवळच्या पाटणमध्ये एका भाड्याच्या घरात ती एकटी राहायची. फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं, गल्लीतल्या दूरच्या नातेवाइकानं अग्नी दिला होता. इथे आपल्या एका खोलीत श्रेष्ठांनी जमेल तसं सुतक पाळलं आणि ऑफिसात कुणाला चकार शब्द सांगितला नाही. आता वर्षभर पांढरे कपडे, आणि वर्षभर सण नाही. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस आम्ही त्यांच्या सुट्ट्यांवर विनोद करत होतो.

मी म्हटलं, रजा साठलीय, एकदा जाऊन तरी या. ते म्हणाले, "किसके पास? घरमालकानं घर दुसऱ्याला दिलं. अब तो घर यही है."

मग त्यांनी मला गाईजात्रेचं सांगितलं. श्रावणी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या घरी त्या वर्षात कुणी गेलं त्यांनी गाय घेऊन गावातून फिरायचं. गाय नसली तर माणसानं कपाळाला कागदाची गाय बांधायची. त्या दिवशी यमाचं दार उघडतं आणि गाईचं शेपूट धरून गेलेला जीव आत जातो. पूर्वी म्हणे एका राणीचा मुलगा गेला आणि ती हसेना, बोलेना. राजानं हुकूम काढला की ज्यांच्याकडे माणूस गेलंय त्यांनी वाड्यावरून मिरवत जा. राणीनं खिडकीतून पाहिलं, तर सगळं गाव चाललेलं. सुतकाच्या वर्षात हे एवढंच करायचं असतं, आणि ते करावंच लागतं.

"दसैं मैं अकेला कर लेता हूँ," ते म्हणाले. दसैं म्हणजे त्यांचा दसरा. "लेकिन जात्रा कमरे में कैसे निकालूँ? कोई देखने वाला तो चाहिए. मी एकटाच मुलगा. मैं नहीं निकला, तो आमा दरवाज़े पर खड़ी रह जाएगी."

या वेळी 'अर्थ छ' म्हणाले नाहीत.

राखीच्या दुसऱ्या दिवशी श्रेष्ठ रजा न घेता ऑफिसला आले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कलर प्रिंटरवर गाईचं चित्र छापलं, खोक्याच्या पुठ्ठ्याचे कान कापले, आणि हे सगळं आयकार्डाच्या पट्ट्यानं कपाळाला बांधलं. हातात ताटली. तिच्यात उदबत्ती होती, पण न पेटवलेली, कारण फायर अलार्म वाजला असता तर जात्रेला सगळी बिल्डिंगच आली असती. मी घरून देवघरातली घंटा आणली होती. ते पुढे, मी मागे, अशी आमची मिरवणूक फायनान्सवाल्यांच्या टेबलांमधून निघाली.

इंग्लंडात मोठ्या माणसानं विचित्र पोशाख करून भर दुपारी फिरणं याचा एकच अर्थ होतो. लोक चॅरिटीसाठी बेक्ड बीन्सच्या टबातसुद्धा बसतात. त्यामुळे आम्हाला पाहताच सगळ्यांचे हात खिशात गेले. कुणी पौंडाचं नाणं टाकलं, कुणी सफरचंद दिलं, कुणी क्रिस्पचं, म्हणजे वेफर्सचं पाकीट. "गुड कॉज, मेट," म्हणत ग्रॅहमनं नोट ठेवली. मी ओशाळून श्रेष्ठांच्या कानाशी लागले, की यांचा घोटाळा होतोय, सांगू का? ते म्हणाले, "देने दो. पाटण में भी देते हैं." आणि प्रत्येकाला हात जोडत पुढे चालले.

रिसेप्शनवर मॉरीन होती. साठीच्या पुढची, सगळ्या बिल्डिंगला 'लव्ह' म्हणणारी. तिनं पर्स उघडली आणि विचारलं, "कुणासाठी गोळा करतोस, लव्ह?"

"माय मदर," श्रेष्ठ म्हणाले. "शी डाइड इन एप्रिल."

मॉरीनचा हात पर्समध्येच राहिला. मग मी मोडक्यातोडक्या शब्दांत तिला गाय, दार आणि राणी सांगितली. ती ऐकत होती, आणि मध्येच म्हणाली, "माझा केन जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्यासाठी कुणी गाय नाही आणली." मग विचारलं, "तो येऊ शकतो का?"

नियम स्वच्छ होता, त्याच वर्षी गेलेलं माणूस. आणि समोर चंद्राला शनिवारचं आमंत्रण न देणारे श्रेष्ठ. त्यांनी पुठ्ठ्याचे कान सारखे केले, मॉरीनकडे पाहिलं आणि बाजूला सरकून तिला वाट दिली. "ही कॅन कम," ते म्हणाले.

तिनं टेबलावर 'पाच मिनिटांत येते'ची पाटी ठेवली आणि आमच्याबरोबर बाहेर पडली. कार पार्कला आम्ही सावकाश फेरी घातली. वरच्या खिडक्यांमधून लोक पाहत होते. जिन्यावरून ग्रॅहम उतरला आणि माझ्या मागून चालायला लागला. पाठोपाठ फायनान्समधली दोघं-तिघं आली. कोण कुणासाठी आलं होतं ते मी विचारलं नाही.

फेरी संपली, मंडळी आत गेली. श्रेष्ठ कुंपणाजवळच्या बाकावर बसले. खिशातून मोबाइल आणि नेपाळचं कॉलिंग कार्ड काढलं, कार्डाकडे बघत राहिले आणि ते परत खिशात घातलं.

"छुट्टी मैं इसीलिए लेता था, बहिनी," ते म्हणाले. "दिवसभर सण करायचा आणि मग आमाला फोनवर सगळा सांगायचा. ती दर वेळी विचारायची, लोक आले होते का? मी म्हणायचो, बहुत आए. इतने लोग, बैठने को जगह नहीं." ते हसल्यासारखं करून थांबले. "कमरे में मैं अकेला होता था. झूठ बोलता था, ताकि वो सो सके."

मी माझा मोबाइल काढला आणि नागपूरला फोन लावला. म्हटलं, "आई, माझ्या ऑफिसातले एक जण आहेत. ते काही सांगतील, तू फक्त ऐक." आणि फोन त्यांच्या हातात दिला.

ते चटकन उठून उभे राहिले. गाय अजून कपाळावरच होती. तिकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. श्रेष्ठांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आमा," ते म्हणाले, "आज सचमुच लोग आए थे."