वर्षालीकडे ठेवलेलं इंग्रजी

"सहा संगणक द्या आणि दोन महिने द्या. आमच्या पाड्यावरची पोरं इंग्रजीत भांडली नाहीत तर नाव बदलेन!" असं मी ठाण्याच्या एका संस्थेला छातीठोकपणे सांगितलं होतं. फोनवर छाती ठोकायला आपलं काय जातं!

जूनमध्ये संगणक खरंच आले. जव्हारहून टेम्पोतून, जामसरकडचे सगळे खड्डे झेलत. आठवीची चोवीस पोरं त्यांच्यासमोर बसवली. पडद्यावर हत्ती नाचायचा, इंग्रजीत प्रश्न विचारायचा आणि पोरं त्याच्याकडे एसटी चुकलेल्या माणसासारखी बघायची.

"काय रे लाडक्या, आवडत नाही का?"

"आवडतंय ना सर. पण त्यो हत्ती काय इचारतो त्येच नाय समजत. आन त्याला उत्तर देऊन गावतं काय?"

मी त्याला पुन्हा हत्तीसमोर बसवलं!

संस्थेच्या सबनीस मॅडमनी मात्र बजावून ठेवलं होतं, "जुलैअखेर गुण वाढले नाहीत, तर संगणक मोखाड्याकडच्या शाळेला देऊ." माझी झोपच उडाली. अहो, त्या सहा पेट्यांवर गळू नये म्हणून मी स्वतः कौलांवर चढलो होतो! मला ते संगणक काही झालं तरी सोडायचे नव्हते.

आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला! आठवी संगणकावर बसली की मी शेजारच्या खोलीत सातवीला गणित शिकवायचो आणि आठवीचे गुण मोबाईलवर बघायचो. लाडक्या, अठ्ठ्याण्णव! रामी, अठ्ठ्याण्णव! आठ दिवस शाळेकडे न फिरकलेला बारक्या, त्यालाही अठ्ठ्याण्णव! हे मला खटकायला हवं होतं. पण गुण वाढायला लागले की मास्तरला फारसे प्रश्न पडत नाहीत.

मी ताबडतोब गुणांची यादी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. "अभिनंदन सर!"चा नुसता पाऊस. केंद्रप्रमुखांनी ती पुढे पाठवली, पुढच्यांनी आणखी पुढे पाठवली आणि तिसऱ्या दिवशी सबनीस मॅडम गाडी घेऊन शाळेच्या दारात!

"मुलांनो, माझ्यासमोर एकेक धडा करून दाखवा बरं."

पोरं उठली आणि मुकाट्याने तीन नंबरच्या संगणकामागे रांगेत उभी राहिली, रेशनच्या दुकानात राहतात तशी! खुर्चीत बसली होती वर्षाली. अख्ख्या वर्गात इंग्रजीची गोडी असलेली ही एकच पोर. बाकीचे पाच संगणक रिकामे.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"गटकार्य!" मी घाम पुसत म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे दुर्लक्ष करून लाडक्याला गाठलं. "तुझं इंग्रजी दाखव बघू."

"माझा इंग्रजी वर्षालीकडं हाय."

"म्हणजे?"

"सावड केली ना, मॅडम!" रामी समजावायला लागली. "आवणीला कसं, आज समद्यांनी माझ्या खाचरात भात लावायचा, उद्या समद्यांनी तुझ्या. तसा वर्षाली आमचा इंग्रजी करते, आमी तिची आवणी केली."

"पाड्यावर पयला भात तिचाच लागला!" लाडक्याने छाती फुगवून सांगितलं.

चोरी पकडली गेल्याचा भाव एकाच्याही तोंडावर नव्हता! वर्षालीचा बाप मजुरीला ठाण्याला, घरी आई एकटी. पोरांनी तिचं शेत उभं केलं होतं. खरं सांगतो, मला त्यांचं कौतुकच वाटलं. पण संगणक आता मोखाड्याला जाणार, हेही दिसत होतं.

मॅडम तीन नंबरच्या पडद्यावरची नावं मोजत होत्या. "तेवीस ही मुलं, चोविसावी ही स्वतः. मग हे पंचविसावं नाव कोणाचं?"

"सरांचा," वर्षाली सहज म्हणाली. "सरांची इंग्रजीची ट्रेनिंग पण मीच केली."

आता काय सांगू! संस्थेने शिक्षकांनाही इंग्रजीचे धडे सक्तीचे केले होते. मी एकदाच, अगदी एकदाच, तिला म्हणालो होतो, "जरा तेवढी बटणं दाबून टाक गं." तिने अठराच्या अठरा धडे दाबले!

"आन सरांची सावड अजून बाकी हाय!" मागून लाडक्या ओरडला.

मॅडम हसल्या नाहीत. "सोमवारी परीक्षा. ज्याची त्याने द्यायची. सर, तुम्हीसुद्धा! नाहीतर मंगळवारी टेम्पो येईल."

रविवारी मी वर्षालीच्या खाचरात उतरलो. पोरांनी माझ्या वाटणीचा तुकडा इमानदारीने मोकळा ठेवला होता! गुडघाभर चिखलात वाकून मी रोपं लावत गेलो आणि मागे वळून पाहिलं तर निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. वर्षालीची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "सरांना बांधावर बसवा रे, चहा द्या त्यांना!"

शेवटी लाडक्या उतरला. माझा चहा संपेपर्यंत त्याने तो तुकडा संपवलासुद्धा! मग हात धुऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"सर, तुमची सावड मी केली. आता उद्या माझा इंग्रजी तुमी करा."

मी मोठ्या आशेने वर्षालीकडे बघितलं.