सासऱ्यांच्या स्कूटरवरचा ठिपका

रविवारी सकाळी साडेआठ वाजता कारकुनानं एक अगदी साधा निर्णय घेतला. स्कूटरच्या आरशाच्या दांडीवर मसुरीएवढा गंजाचा ठिपका पडला होता, तेवढा काढून टाकायचा आणि मग निवांत अंघोळ करायची. (ती अंघोळ त्याला दुपारी दोन वाजता मिळाली, आणि एकदा करून भागलं नाही.)

ठिपका एवढासाच होता, पण स्कूटर सासऱ्यांची होती. सासरे बस डेपोतले निवृत्त फोरमन. घरात ओला चमचा ओट्यावर राहिला तरी 'गंज धरेल' म्हणून ते घर डोक्यावर घ्यायचे. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी जावयाच्या हातात किल्ली ठेवली, तीसुद्धा मिशीवर ताव मारत. "अठरा वर्षं वापरलीय. क्रोमवर गंजाचा एक ठिपका दाखवा, मिशी उतरवतो! जपलीत तर तुमची. नाही जपलीत, तर आहेतच आपले धाकटे जावई."

धाकटे जावई म्हणजे कारकुनाचा साडू. हा गृहस्थ बुटांच्या नाड्यांनासुद्धा इस्त्री करतो, अशी बायकोच्या माहेरी त्याची ख्याती. स्कूटर त्याच्याकडे जाणार आणि आपण पुन्हा दोन बस बदलून, जावक टपालाची पिशवी काखोटीला मारून ऑफिस गाठणार, हे चित्र कारकुनाच्या डोळ्यांसमोरून हलेना. कारण सासरे आज बरोबर दहा वाजता पाहणीला येणार होते.

उपाय मात्र तयार होता. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी सांगितलं होतं, "फॉइल चुरगळायचं, कोल्ड्रिंकमध्ये बुडवायचं आणि घासायचं. क्रोम आरशासारखं होतं. माझ्या भावानं केलंय." (त्यांच्या भावानं जगात काय काय केलंय, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं.)

"अहो, फॉइल कुठं नेताय?" बायकोनं विचारलं.

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

'दोन मिनिटांचं काम' हे शब्द कानावर पडताच बायकोनं सवयीनं ओट्यावरच्या काचेच्या बरण्या आत सरकवल्या. तेवढ्यात अंगणातून लेकीची आरोळी आली, "आई! बाबांनी स्कूटरला कोल्ड्रिंक पाजलं! माझं!"

कारकून घासू लागला. मसुरीचा वाटाणा झाला. त्याला वाटलं, जाताजाता गंज जरा फुगत असेल. त्यानं जोर लावला. वाटाण्याचं लिंबू झालं. बोटांना चंदेरी पापुद्रे चिकटायला लागले, तेव्हा त्यानं फॉइल बनवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली आणि आणखी जोर लावला. आता अख्खी दांडी तपकिरी झाली.

"अगं, हा पसरतोय!"

"गंज असा डोळ्यांदेखत पसरत नसतो हो!"

"तुला काय कळतंय? साथीच्या रोगासारखा असतो तो. बाबाच म्हणतात!"

साथ आटोक्यात आणायची तर औषध जालीम हवं. त्यानं व्हिनेगर ओतलं. त्यावर खाण्याचा सोडा टाकला. फस्सदिशी फेस उसळला आणि त्याच्या बनियनवर, चष्म्यावर आणि उघड्या तोंडात गेला. मग लिंबू आणि मीठ. मग टूथपेस्ट, घरातली होती नव्हती तेवढी सगळी. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य गॅलरीतून हे पाहत होते. त्यांना राहवेना. "अहो, आडवं घासू नका!" ते ओरडले. "गोल फिरवा, गोल! आणि आतल्या बाजूनंसुद्धा!"

कारकुनानं गोल फिरवलं. आतल्या बाजूनंसुद्धा फिरवलं. पावणेदहाला दोन्ही आरशांच्या दांड्या, हँडल, दिव्याची कडी आणि पुढचा गार्ड अशी सगळी स्कूटर आपादमस्तक तपकिरी झाली होती, आणि कोल्ड्रिंकच्या वासानं आलेल्या मुंग्यांची रांग सीटपर्यंत पोचली होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईंनी "रंग बदलला वाटतं? चॉकलेटी छान दिसतोय," असं म्हटल्यावर तर त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. त्यानं दोरीवरची चादर ओढली आणि स्कूटरवर टाकली.

दहाच्या ठोक्याला सासरे हजर. "हं, जावईबापू, करा पडदा बाजूला."

"बाबा, आधी चहा..."

सासऱ्यांनी स्वतःच चादर उचलली. पाहिलं. त्यांचा हात मिशीकडे गेला, पण ताव मारायला नाही. त्यांनी ती झाकली.

"बाबा, चूक झाली," कारकून कळवळून म्हणाला. "एकच ठिपका होता हो! मी फक्त..."

"हळू बोला!" सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे चोरून पाहिलं. "कशानं घासलंत?"

"कोल्ड्रिंक, व्हिनेगर, सोडा, लिंबू, मीठ, टूथपेस्ट."

"अहो, काय हे! मला वाटलं, फार तर ओल्या फडक्यानं पुसाल." सासरे चादरीआड वाकले आणि कुजबुजले, "क्रोम गेलं त्याला पंधरा वर्षं झाली. हा चंदेरी रंग होता. तुमच्या सासूबाई माहेरी गेल्या की मी ब्रश घेऊन बसायचो."

कारकुनानं बोटांवरचे चंदेरी पापुद्रे निरखून पाहिले. म्हणजे सकाळपासून तो गंज काढत नव्हता, सासऱ्यांचं पितळ उघडं पाडत होता!

"ओल्या चमच्यावरून तीस वर्षं बोललोय मी त्यांना," सासरे काकुळतीला आले. "त्यांना कळलं तर मला घरात राहणं मुश्कील होईल. तुम्ही एवढंच म्हणा, की भलतंसलतं लावून तुम्हीच बिघडवलीत. स्कूटर तुमची. कायमची. साडूचं नावसुद्धा काढणार नाही."

कारकुनाला आनंदानं उडी मारावीशी वाटली. बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो छाती काढून म्हणाला, "अगं, चांगलं क्रोम होतं, मीच वाटोळं केलं!"

"अठरा वर्षं जपली होती!" सासऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. (तो रुमाल जरा जास्तच वेळ राहिला, असं कारकुनाला वाटून गेलं.) "एका सकाळीत! पण असू दे. आता ठेवा तुमच्याकडेच."

सासरे गेल्यावर कारकुनानं स्कूटरवरून प्रेमानं हात फिरवला. चार मुंग्या चावल्या, तरी हसला. गंजकी तर गंजकी, उद्यापासून बस बंद! तासाभरानं चहाचा आणखी एक कप घेऊन तो पायरीवर ऐटीत बसला. इतक्यात बायको आईशी फोनवरचं बोलणं संपवून बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"डॉक्टरांनी बाबांना त्यांची मोटार चालवायला मना केलंय," ती म्हणाली. "आई त्यांना म्हणाली होती, आज स्कूटर पाहून या. नीट ठेवली असेल तर मोटारही थोरल्या जावयांनाच देऊ. आता ती धाकटीकडे गेली."

कारकून कपासकट ताडकन उठला. "अगं, पण तो गंज जुनाच होता! बाबांनीच रंग..."

"पुरे! मघाशी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत, आणि आता बिचाऱ्या बाबांवर ढकलताय? तिकडे ते आईला सांगत होते, जावई मनानं सोनं आहेत, फक्त त्यांच्या हातात काही देऊ नका म्हणून."

आणि तिनं त्याच्या हातातला कप काढून घेतला.